नाशिकमध्ये नव्याने आल्यावर माउंटन बाइकच्या वाटा कशा शोधाव्यात

नोकरीनिमित्त नाशिकला राहायला आलेल्या आणि येताना माउंटन बाइक सोबत आणलेल्या मंडळींचा पहिला महिना बहुतेक वेळा एकाच पद्धतीने वाया जातो. पहिल्या रविवारी ती पांडवलेणीच्या किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी जातात आणि पायऱ्या पाहून परत फिरतात. दुसऱ्या रविवारी कोणाची तरी जीपीएक्स फाइल (जीपीएसवर नोंदवलेली वाट) मोबाइलवर घेऊन निघतात आणि द्राक्षबागेच्या कुंपणापाशी अडकतात. तिसरा रविवार त्र्यंबक रस्त्याच्या डांबरावर, बस आणि ट्रकच्या सोबतीने जातो. चौथ्या रविवारी ‘नाशिकला ट्रेलच नाहीत’ असा निर्णय होऊन सायकल गॅलरीत कपडे वाळवण्याच्या कामी येते.

या लेखात वाटा शोधायच्या त्या क्रॉस-कंट्रीसाठी. क्रॉस-कंट्री म्हणजे कच्च्या, चढ-उताराच्या जमिनीवरून बहुतांश अंतर पेडल मारत पूर्ण करायचा १५ ते ३० किलोमीटरचा वळसा, म्हणजे निघालो तिथेच परत आणणारी फेरी. सायकल खांद्यावर घेऊन गड चढणे किंवा उड्या मारत उतरणे त्यात धरलेले नाही. असा वळसा फलक लावून, रंगांनी दर्जा दाखवून तयार मिळेल ही अपेक्षा आधी सोडावी. इथे गाडवाटा, पाणंद, शिवरस्ते, ढोरवाटा आणि पाटाकडेचे रस्ते असे सुटे तुकडे हुडकायचे असतात आणि नंतर ते जोडायचे असतात. त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. क्रम उलटला की तेच कष्ट दोनदा पडतात.

## १. सायकल काट्यांसाठी तयार करा आणि आपला वेग मोजा

नाशिकच्या माळरानावर पहिला शत्रू चढ नसून काटा आहे. बाभूळ आणि बोर बांधावर असतात, तर पावसाळा संपल्यावर वाटेच्या कडेला पसरणारा सराटा थेट टायरखाली येतो. साध्या ट्यूबवर एका फेरीत तीन-चार पंक्चर होणे ही इथे नवलाची गोष्ट नाही. शक्य असेल तर चाके ट्यूबलेस करून घ्यावीत आणि आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) ताजे ठेवावे. उन्हाळ्यात ते लवकर सुकते, म्हणून दर दोन महिन्यांनी पाहावे. ट्यूबच वापरायची असेल तर दोन सुट्या ट्यूब, पॅच आणि पंप हवेत. सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी २.२५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवून सुरुवात करावी. ट्यूब असल्यास ३० च्या खाली जाऊ नये, कारण कातळाच्या कडेवर ट्यूब चिमटते. मागील डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो सुटा हँगर मात्र सायकलबरोबरच मागवून ठेवावा. तो प्रत्येक सायकलला वेगळा लागतो आणि ऐन वेळी गावात मिळत नाही.

त्यानंतर आपला वेग मोजावा. मखमलाबाद आणि म्हसरूळच्या बाजूने जाणाऱ्या गंगापूर डाव्या कालव्याच्या कडेने, जिथे रस्ता कच्चा आणि मोकळा आहे तिथे, एक तास न थांबता सायकल चालवावी. पाटाकडेचा रस्ता जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे जो आकडा येईल तो तुमच्या वेगाची वरची मर्यादा समजावा. खऱ्या वाटेवर त्याच्या निम्मा किंवा थोडा अधिक वेग पडतो. डांबरावर २५ चा वेग आहे म्हणून २५ किलोमीटरची वाट एका तासात होईल हा हिशेब जितक्यांनी केला तितके अंधारात परतले.

## २. दोन संध्याकाळी नकाशावर बसा

घाई इथेच होते, म्हणून हा टप्पा सविस्तर देत आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. नाशिककरांना यात एक गमतीशीर अडचण येते. शहर जवळजवळ २० अंश अक्षांशावरच वसलेले आहे आणि जुन्या क्रमांकपद्धतीत शीट नेमके त्याच रेषेवर कापले जाते. त्यामुळे गिरणारे, गंगापूर धरण आणि रामशेज ४६ एच या मालिकेत येतात, तर अंजनेरी, त्र्यंबक आणि पांडवलेणी ४७ ई मध्ये. एकच शीट उतरवून घेतले की अर्धे शहर नकाशाबाहेर राहते आणि अर्ध्या वाटा काठावर येऊन तुटलेल्या दिसतात. ४६ एच/१२, ४६ एच/१६, ४७ ई/९ आणि ४७ ई/१३ ही चारही शीट एकत्र ठेवली की शहराभोवतीचा बहुतेक भाग येतो.

या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. वाटेच्या एका सेंटिमीटरमध्ये दोन रेषा ओलांडल्या जात असतील तर ५०० मीटरमध्ये ४० मीटर, म्हणजे ८ टक्के चढ झाला. तो बसून चढता येतो. तीन रेषा म्हणजे १२ टक्के. सुट्या मुरमावर मागचे चाक घसरू लागते ते साधारण इथूनच. पाच रेषा असतील तर सायकल ढकलावी लागणार, असे गृहीत धरून तो तुकडा सोडून द्यावा. ही मोजणी पट्टी आणि पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होते. ती न केल्यामुळे लोक रविवारची सकाळ सायकल ढकलण्यात घालवतात.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच वाटा उपग्रहचित्रावर पाहाव्यात. संगणकावरील गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे दिसतात. त्यांतले एक नोव्हेंबर-डिसेंबरचे आणि एक एप्रिल-मेचे निवडून शेजारी ठेवावे. दोन्ही चित्रांत दिसणारी वाट बारमाही असण्याची शक्यता मोठी. फक्त एप्रिलमध्ये दिसणारी वाट पडीक शेतातून किंवा धरणाच्या आटलेल्या पात्रातून गेलेली असते, आणि तिच्याविषयी पाचव्या टप्प्यात सांगण्यासारखे बरेच आहे. चित्र कोणत्या वर्षीचे आहे तेही पाहावे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहराच्या आसपास रस्त्यांची कामे होत आहेत आणि दोन वर्षांपूर्वीची गाडवाट आज रुंद, खडी टाकलेला रस्ता झालेली असू शकते.

स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या आणि धावणाऱ्यांच्या ॲपचा हीटमॅप (लोक कुठून जास्त जातात ते उजळ रेषांनी दाखवणारा नकाशा) सर्वांत शेवटी उघडावा, सर्वांत आधी नव्हे. नाशिकची सायकलिंगमधली ओळख मुख्यतः रस्त्यावरची आहे. शहरात माउंटन बाइक असलेले पुष्कळ लोक ती डांबरावरच चालवतात आणि नोंद मात्र माउंटन बाइक म्हणून करतात. परिणामी फक्त माउंटन बाइकच्या नोंदी निवडल्या तरी महामार्गच सर्वांत तेजस्वी दिसतात. दुसरीकडे डोंगरांवर चमकणाऱ्या रेषा ट्रेकर मंडळींच्या असतात, त्या पायऱ्यांच्या आणि कातळाच्या वाटा. उपयोगाची रेषा ती, जी हीटमॅपवर फिकट पण स्पष्ट आहे, उपग्रहचित्रात जिच्यावर डांबर नाही आणि नकाशावर जिचा चढ १२ टक्क्यांच्या आत आहे.

शेवटी, निवडलेल्या तुकड्यांसाठी त्या त्या गावाचा गाव नकाशा पाहावा. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले असतात. जी वाट गाव नकाशावर आहे तिथून जाण्याचा वहिवाटीचा हक्क लोकांना असतो. जी फक्त उपग्रहचित्रात आहे ती कोणाच्या तरी मालकीच्या शेतातली असू शकते.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी हातात आठ ते दहा तुकड्यांची यादी हवी. प्रत्येकासमोर लांबी, सर्वांत कठीण चढाची टक्केवारी आणि डांबरी रस्त्यावर निघण्याच्या किमान दोन जागा लिहिलेल्या असाव्यात. निघण्याची एकच जागा असलेला तुकडा पहिल्या महिन्यात घेऊ नये.

## ३. जिथे जायचेच नाही त्या जागा आधी खोडा

गावकऱ्यांना विचारायला जाण्यापूर्वीच हे करावे. मोह जागेवर उभे राहून आवरत नाही, घरी बसून आवरतो.

देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणाचे गोळीबार क्षेत्र शहराच्या नैऋत्येच्या टेकड्यांत आहे. बहुला किल्ला त्याच भागात येतो. उपग्रहचित्रात हा भाग माउंटन बाइकसाठीच घडवल्यासारखा दिसतो. मोकळे माळ, एकही शेत नाही, रुंद कच्च्या वाटा आणि सौम्य टेकड्या. वस्ती आणि शेती नसण्याचे कारण समजून घ्यावे. सराव नसलेल्या दिवशीही तिथे न फुटलेला गोळा पडलेला असू शकतो, त्यामुळे सराव सुरू असल्याचे निशाण दिसत नाही म्हणून आत शिरणे हा युक्तिवाद चालत नाही. नकाशावर या भागावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारावी आणि तो विसरून जावा.

रामशेजशेजारचा बोरगड २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि माथ्याचा भाग हवाई दलाकडे आहे. अंजनेरीलाही २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथली दुर्मीळ वनस्पती बोटभर उंचीची असते, ती टायरखाली आलेली कळतही नाही. पायथ्याच्या गावरस्त्यांवर फिरायला हरकत नसते, पण वनहद्दीत सायकल नेण्यापूर्वी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारावे. राखीव वनात विनापरवाना शिरणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा ठरतो.

धरणांच्या भिंती आणि त्यांवरचे रस्ते खोडावेत. विल्होळीपलीकडे सारूळ भागात खडी क्रशर आणि खाणी आहेत, तिथे सुरुंग लावले जातात. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत समृद्धी महामार्गाने अनेक जुन्या गाडवाटा मधोमध कापल्या आहेत. महामार्गावर सायकलला बंदी आहे आणि पलीकडे जायला ठरावीक ठिकाणीच भुयारी मार्ग असतात. जुन्या नकाशावर सरळ दिसणारी वाट तिथे भिंतीला जाऊन टेकते, म्हणून भुयारी मार्ग कुठे आहे ते उपग्रहचित्रावर शोधून ठेवावे.

सावधान: द्राक्षबागांच्या आणि मळ्यांच्या कुंपणांना अनेकदा झटका मशीन (तारेत वीज सोडणारे यंत्र) जोडलेले असते. तारेवरून सायकल पलीकडे देणे, तार हाताने वर उचलणे असले प्रकार करू नयेत. कुंपण लागले की वाट संपली.

## ४. माणसांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

यादीतल्या तुकड्यांपैकी निम्मे या टप्प्यात गळतात आणि यादीत नसलेले दोन-तीन नवे मिळतात. शहरातल्या सायकल गटांना जरूर भेटावे. रविवारची सोबत, दुरुस्तीचा विश्वासू कारागीर आणि जुन्या सायकलींचा बाजार तिथे सापडतो. मात्र कच्च्या वाटांची माहिती त्यांच्यातल्या दोन-तीन जणांकडेच असते आणि ते लोक गटावर फारसे लिहीत नाहीत. त्यांना गाठून, सोबत एक फेरी करून विचारावे लागते.

खरी माहिती गावात मिळते. त्यासाठी योग्य वेळ सकाळी दूध संकलन केंद्रावर गर्दी असते ती. आसपासच्या प्रत्येक मळ्यातून कोणी ना कोणी किटली घेऊन तिथे येते आणि प्रत्येक जण वेगळ्या वाटेने आलेला असतो. दहा मिनिटांत चार दिशांची माहिती मिळते. फाट्यावरची चहाची टपरी ही दुसरी जागा, पण तिथले लोक मोटरसायकलच्या रस्त्यांविषयी बोलतात.

नवखा माणूस हमखास असे विचारतो: ‘ही वाट गिरणाऱ्याला जाते ना?’ समोरचा ‘हो, जाते की’ म्हणतो, कारण पाहुण्याला नाही म्हणणे बरे वाटत नाही आणि पायी जाणाऱ्याला ती जातेही. त्याऐवजी उत्तर ठाऊक नसल्यासारखे विचारावे:

‘बाबा, ही वाट पुढं कुठं निघते?’

‘बाबा, पुढं बैलगाडी जाते का, मोटरसायकल जाते, का नुसती ढोरंच जातात?’

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वाटेचा सगळा दर्जा येतो. बैलगाडी जात असेल तर चढ सौम्य आहे. मोटरसायकल जात असेल तर मोठे दगड आणि तुटलेल्या घळी नाहीत. नुसती ढोरे जात असतील तर वाट डोंगराच्या पोटाने छान आडवी जाईल, पुढे तिला पाच फाटे फुटतील आणि ते सगळे एखाद्या पाणवठ्यावर किंवा कुरणात विरून जातील. ढोरवाट सायकलला फार सुंदर असते, पण ती कुठेतरी पोहोचवतेच असे नाही.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये. ‘इथंच आहे, डोंगराच्या मागं’ यात एक किलोमीटरही असू शकतो आणि सहाही. पायी किती वेळ लागतो ते विचारावे. अर्धा तास म्हटले तर दोन-अडीच किलोमीटर धरावेत.

वाट मळ्यातून जात असेल तर घरासमोर सायकलवरून उतरावे, हाक मारावी, ‘दादा, इकडून गेलं तर चालेल का?’ असे विचारून मग पुढे जावे. मळ्यातली कुत्री सायकलच्या वेगाला चिडतात. उतरून सायकल त्यांच्या आणि आपल्या मध्ये धरून चालत गेले की बहुतेक शांत होतात. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ असतो. तेव्हा अरुंद पाणंदीत क्रेट भरलेल्या गाड्या असतात, त्यांना वाट देण्यासाठी आपणच मागे सरावे.

## ५. माती आणि महिना जुळवा

हा टप्पा मी स्वतः वगळला होता, म्हणून तो कसा चुकतो ते नेमके सांगता येईल. नाशिकला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात, सप्टेंबरमध्ये, गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या कडेने जाणारी एक देखणी जीपीएक्स फाइल मला मिळाली. ती कोणत्या महिन्यात नोंदवली होती ते मी पाहिले नाही. पहिले चार किलोमीटर मुरमाचे होते आणि उत्तम गेले. मग वाट खाली उतरली आणि मोबाइलवरची निळी रेषा सरळ पाण्यात शिरली. ती मे महिन्यात, आटलेल्या पात्रातून नोंदवलेली होती. पाण्याच्या कडेने वळसा घालावा म्हणून मी डावीकडे वळलो. वरून कोरडी, भेगाळलेली दिसणारी माती दहा पावलांवर खचली. काळ्या मातीचा थर टायरवर चढत गेला, फ्रेम आणि चाक यांच्या मधली बोटभर जागा भरली आणि चाक फिरायचेच थांबले. सायकल उचलली तर ती दुप्पट जड. बाभळीच्या काटकीने माती कोरत मी दोनशे मीटर जायला तास घालवला. शेवटी वरच्या मळ्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने खुरपे आणून दिले. डिरेल्युअरभोवतीची माती मी खरवडत असताना ते म्हणाले, ‘ही उन्हाळ्याची वाट आहे. पावसाळ्यात वरची धरायची असते.’

उन्हाळी वाट आणि पावसाळी वाट हा भेद गावात सगळ्यांना ठाऊक असतो. फाइलमध्ये तो नसतो. म्हणून प्रत्येक तुकड्यासमोर माती आणि महिने लिहावेत.

मुरूम आणि कातळ असलेल्या वाटा पाऊस थांबल्यावर एका दिवसात चालवण्याजोग्या होतात. काळ्या मातीला चांगले ऊन मिळूनही चार-पाच दिवस लागतात. टाचेने माती दाबून पाहावी: टाच उमटून कडा चिकटत असतील तर परत फिरावे. ओल्या काळ्या मातीवर सायकल घातली तर आपले हाल होतातच, शिवाय जो चर पडतो तो वाळून दगडासारखा कडक होतो आणि पुढचा हंगामभर बैलगाडीला आणि आपल्यालाही त्रास देतो.

पावसाचे प्रमाणही एकाच जिल्ह्यात फार बदलते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या पाव भागाच्या आसपास, आणि सिन्नरच्या पूर्वेकडे आणखी कमी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक, पहिने, हरसूल या पश्चिमेच्या पट्ट्यातल्या वाटा सोडाव्यात. तिथे ओढे अर्ध्या तासात चढतात आणि शनिवार-रविवारी धबधब्यांची गर्दी रस्ते अडवते. त्या महिन्यांत सिन्नरच्या बाजूचे मुरमाड माळ पाहावेत. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा गिरणारे, दुगाव, मुंगसरा, मातोरी या पट्ट्याचा काळ आहे. मार्चपासून गवत वाळते आणि वणवे लागतात. धूर दिसला तर त्या डोंगराच्या पोटातली वाट घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत घरी यावे.

तपासणी: दुसऱ्याची कोणतीही फाइल वापरण्यापूर्वी तिची तारीख पाहा. तारीख नसेल तर ती फाइल फक्त दिशा समजण्यासाठी वापरा.

## ६. अर्ध्या वाटेची पाहणी

पहिल्यांदा कोणताही तुकडा पूर्ण करण्याच्या इराद्याने जाऊ नये. शनिवारी सकाळी त्याच्या सुरुवातीपर्यंत जावे, जास्तीत जास्त तीन किलोमीटर आत शिरावे आणि त्याच वाटेने परत यावे. परतताना वाट उलट दिशेने दिसते, आणि येताना न दिसलेले फाटे नेमके तेव्हा दिसतात. संशयास्पद उतार पायी उतरून पाहावा. त्र्यंबकच्या बाजूला घसारा असलेले उतार वरून निरुपद्रवी वाटतात, पण सुटा मुरूम कातळावर पसरलेला असतो आणि तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक थेट निसटते.

जमिनीकडे पाहण्याची सवय लावावी. मोटरसायकलच्या टायरचा ठसा ताजा असेल तर पुढे मार्ग आहे. शेळ्यांच्या लेंड्या वाटेभर असतील तर कळपाची रोजची वाट आहे, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ती अडलेली असणार. वाटेच्या मधोमध गुडघाभर गवत असेल तर गावाने ती वापरणे सोडले आहे. कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नेण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत: दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन, नकाशा मोबाइलमध्ये ऑफलाइन साठवलेला, पॉवर बँक, चेनचा क्विक लिंक, शिट्टी. हरसूल आणि त्र्यंबककडच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज जाते, त्यामुळे कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी सांगून निघावे. ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १९२६ हा वनविभागाचा क्रमांक मोबाइलमध्ये हवा.

सावधान: नाशिकच्या आसपास उसाचे फड आणि नदीकाठची झाडी म्हणजे बिबट्याचा वावर. पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी डांबरी रस्त्यावर असावे. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे संध्याकाळची फेरी करायची तर ती चारलाच आटोपती घ्यावी लागते. उसाच्या कडेने जाताना कानात हेडफोन नकोत आणि घंटा वाजवत जावे.

## ७. तुकडे जोडून वळसा बांधा

तीन किंवा चार तुकडे पाहून झाले की ते जोडावेत. नियम थोडे आहेत, पण उलटे केले तर फेरी बिघडते. मोठा चढ पहिल्या एक तृतीयांशात, रुंद गाडवाटेवर घ्यावा, कारण तेव्हा पाय ताजे असतात आणि रुंद वाटेवर रेषा, म्हणजे चाक नेमके कुठून न्यायचे ते, निवडता येते. अरुंद पाऊलवाट उताराला, मधल्या भागात ठेवावी. शेवटचे पाच-सहा किलोमीटर डांबरी किंवा पाटाकडेचे असावेत. थकलेल्या अवस्थेत तांत्रिक उतार घेतला की मनगट मोडते. हे मी दोन ओळखीच्या माणसांच्या बाबतीत पाहिले आहे.

दिशा ठरवताना वाऱ्याचा विचार करावा. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो. शहरातून सकाळी पश्चिमेकडे गिरणारे आणि काश्यपी धरणाच्या बाजूला जावे, म्हणजे जाताना ऊन पाठीवर असते आणि परतताना वारा पाठीशी येतो.

पहिला वळसा १५ किलोमीटरचा ठेवावा आणि तो सलग तीन वेळा करावा. नवीन जागा शोधायला निघालेल्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते, पण तिसऱ्या फेरीतच कळते की कुठे रेषा बदलायची, कुठे गिअर आधीच उतरवायचा आणि कोणता फाटा अजून पाहायचा राहिला आहे. त्यानंतर एका वेळी एकच नवा तुकडा जोडावा. दोन नवे तुकडे एकाच दिवशी घेतले आणि दोन्ही बंद निघाले तर मधे अडकायला होते.

परतीची वेळ निघतानाच ठरवावी. हातात असलेल्या वेळेचा किंवा पाण्याचा निम्मा भाग संपला, जे आधी होईल ते, की जिथे असाल तिथून ठाऊक असलेल्या सर्वांत जवळच्या डांबरी फाट्याकडे वळावे. ‘पुढच्या वळणावर रस्ता लागेलच’ या आशेवर पुढे जाऊ नये.

## ८. नोंद ठेवा आणि वाटताना विचार करा

मोबाइलमधली रेषा वाट दाखवते, तिची अवस्था दाखवत नाही. म्हणून एका वहीत प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद ठेवावी आणि दर फेरीनंतर तिच्यात भर घालावी. नोंदीत महिना, माती, बंद झालेले फाटे, पाण्याची जागा आणि ज्यांच्या मळ्यातून जायचे त्यांना विचारले आहे की नाही, एवढे पुरते.

ज्या वाटा खासगी मळ्यांतून, कोणाच्या तरी परवानगीने जातात, त्यांची फाइल सार्वजनिक करू नये. एका शेतकऱ्याने एका माणसाला दिलेली परवानगी ही दर रविवारी येणाऱ्या वीस जणांना दिलेली नसते, आणि पुढच्या हंगामात त्या वाटेवर काटेरी फांद्या टाकलेल्या दिसतात. गावरस्त्यांच्या आणि गाडवाटांच्या फाइल खुशाल द्याव्यात, मात्र नावातच महिना लिहावा.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो: ‘तुकडा ६. गाडवाट, मुरूम, शेवटचे ३०० मीटर काळी माती. नोव्हेंबर ते मे. चढ ९ टक्के, एका जागी १३, तिथे उजवीकडची रेषा. निंबाच्या झाडाखाली हापसा, मार्चनंतर पाणी नाही. मळ्यातल्या आजींना विचारले, हो म्हणाल्या. कांदे काढायच्या दिवसांत येऊ नको म्हणाल्या. डावा फाटा नदीवर संपतो, दोनदा पाहिला.’